कपाटातले कप कुणाच्या नावावर?

गोव्यात फुटबॉल क्लबाचा मालक वारला की दुसऱ्या दिवशीच्या मराठी पेपरात वडाचं झाड पडतं. 'गोमंतकीय फुटबॉलचा आधारवड कोसळला.' खाली फोटो, शेजारच्या चौकटीत जिंकलेल्या स्पर्धांची यादी, आणि आतल्या पानांवर पंचायतीपासून पेट्रोलपंपापर्यंत सगळ्यांच्या श्रद्धांजलीच्या जाहिराती. दोन दिवस गेले की तिठ्यावरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खाताना दुसरा सूर लागतो. "कप जिंकले हो, पण पैसा कुठला होता?" "शेवटच्या सीझनला पोरांचे पगार किती महिने थकले ते विचारा." गंमत म्हणजे दोन्ही सूर लावणारी बऱ्याचदा तीच माणसं असतात.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे घरच्यांनी पाळावं. पण क्लबाचा मालक निम्मा घरचा आणि निम्मा गावचा असतो. गावाने आपले रविवार त्याच्या संघाला दिलेले असतात, तेव्हा हिशेब मांडायचा हक्क गावाला आहे. तो मांडायचा कसा, एवढंच इथे उलगडून सांगतो. वडाबद्दल आपल्याकडे आणखी एक गोष्ट म्हणतात, की त्याच्या सावलीत दुसरं काही वाढत नाही. मृत्युलेख लिहिणाऱ्याला ती आठवत नाही. मालकाचं मोजमाप करायला मात्र तीच कामाची.

सुरुवात कपांपासून करू, कारण सगळे तिथूनच करतात आणि तिथेच फसतात.

साळगावकर क्लब वासुदेव साळगावकरांनी १९५६ साली काढला, गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा. ते १९८४ मध्ये वारले. क्लबाने फेडरेशन कप पहिल्यांदा उचलला १९८८ मध्ये. लगेच पुढच्या खेपेला पुन्हा, मग १९९७ मध्ये, मग १९९८-९९ची राष्ट्रीय लीग, २०१०-११ची आय-लीग (त्या राष्ट्रीय लीगचंच पुढचं रूप), मधे ड्युरांड कप. देशभर ज्या कपांमुळे साळगावकर हे नाव झालं, त्यांतला एकही संस्थापकाने डोळ्यांनी पाहिला नाही. धेंपो क्लबाचं असंच. मुळं डिचोलीतल्या एका क्लबात, साठच्या दशकात तो धेंपो घराण्याकडे आला, पण पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं आली ती २००५ ते २०१२ या वर्षांत. तेव्हा घराण्याची सूत्रं श्रीनिवास धेंपोंकडे, म्हणजे घराण्याचे जुने कर्ते वसंतराव धेंपो यांच्या नातवाकडे होती आणि मैदानाच्या कडेला कोच आर्मांदो कुलासो उभे होते.

आता हे कप कुणाच्या खात्यावर टाकायचे? आजोबांच्या, नातवाच्या, की कुलासोंच्या? मृत्युलेखातली चौकट हा प्रश्न विचारतच नाही. जो वारला त्याच्या नावावर ती सगळं लिहून टाकते. आणि ज्याच्या हयातीत काहीच जिंकलं गेलं नाही, त्याला 'निःस्वार्थ क्रीडाप्रेमी' म्हणून वाटेला लावते.

गोल मालक मारत नाही. संघ निवडण्याचं काम त्याचं नसतं, आणि ज्या मालकांना ते आपलं वाटतं त्यांच्या कोचांना लवकर टक्कल पडतं. मग मालकाचं स्वतःचं काम उरतं काय? माझ्या मते जे दुसरं कुणीच करू शकत नाही तेवढंच. पगार महिन्याच्या महिन्याला देणं. माणूस नेमणं आणि नेमल्यावर गप्प बसणं. ज्यातून पुढची दहा वर्षं एकही कप येणार नाही अशा गोष्टींवर पैसे घालणं, म्हणजे मैदान, चौदा वर्षांखालच्या मुलांचा संघ, त्यांची बस, त्यांचं दूध-अंडं. आणि आपण नसताना हे चालेल कसं, याची तजवीज जिवंतपणी करून ठेवणं. गोव्यातल्या खाणकंपन्यांच्या क्लबांनी एके काळी यातलं पहिलं काम चोख केलं होतं. खेळाडू कंपनीच्या मस्टरवर असायचा. त्यामुळे गुडघा गेला तरी चूल पेटायची. एखाद्या कपापेक्षा ही गोष्ट मोठी होती. पण ट्रॉफीच्या कपाटात ती ठेवता येत नाही, म्हणून फोटोत येत नाही.

आता तो दुसरा सूर. पैसा कुठला?

हे टाळता येत नाही, निदान गोव्यात नाही. भारताची आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा वर्षं ती गोव्यात आली: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. एवढ्याशा राज्याने कोलकात्याच्या नाकावर टिच्चून केलेली ही गोष्ट आहे, आणि फातोर्ड्याच्या स्टँडात बसून ती पाहिलेल्या माणसाला तिचा अभिमान वाटणारच. मलाही वाटतो. पण याच वर्षांत लोहखनिजाच्या ट्रकांनी डिचोली-सांगेचे रस्ते लाल केले होते, पावसात खाणीचा गाळ शेतांत उतरत होता आणि मांडवीत बार्जेसची रांग लागलेली असायची. पुढे एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोव्यातल्या खाणींचे लीज २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते आणि त्यानंतरचं खाणकाम बेकायदेशीर होतं. तारखा शेजारी ठेवल्या की जरा चरचरतं.

तरी सरळ बेरीज करू नये. चर्चिल ब्रदर्स हा काही खाणवाल्यांचा क्लब नव्हे. धेंपोंनी आपला खाणधंदा २००९ मध्येच सेसा गोवाला १,७५० कोटींना विकला होता. आणि लीज संपल्याचा निकाल मागाहून आला, त्या वर्षांत सरकारच परवाने देत होतं. मुद्दा असा, की क्लबावर खर्च झालेला रुपया आला कुठून याचं उत्तर मृत्युलेखात असायला हवं, मग ते मालकाच्या बाजूने जावो की विरोधात. शेताला गाळ लागलेल्या माणसाचा मुलगा त्याच क्लबाची जर्सी घालून नाचला असेल, तर त्याच्या घरात दोन हिशेब आहेत. त्यातला एक खोडायला आपण कोण?

हे कोडं फक्त आपलं नाही. फ्रान्समधल्या मार्सेच्या क्लबाचा मालक होता बर्नार्ड तापी. २६ मे १९९३ रोजी त्याच्या संघाने बर्लुस्कोनींच्या एसी मिलानला १-०ने हरवून युरोपचा चॅम्पियन्स कप घेतला. त्याच्या आदल्याच आठवड्यात मार्सेचा व्हॅलेन्सिएनशी लीगचा सामना होता. मोठ्या सामन्याआधी आपले खेळाडू जखमी होऊ नयेत म्हणून समोरच्यांनी सांभाळून खेळावं, यासाठी पैसे दिले गेले. व्हॅलेन्सिएनच्या एका खेळाडूच्या नातेवाइकाच्या बागेत ते पुरलेले सापडले, अडीच लाख फ्रँक, पाकिटात. मार्सेचं त्या वर्षीचं फ्रेंच अजिंक्यपद काढून घेतलं, क्लबाला खालच्या विभागात ढकललं, तापी तुरुंगात जाऊन आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याची शवपेटी त्याच क्लबाच्या स्टेडियममध्ये ठेवली होती आणि हजारो लोक दर्शनाला रांगेत उभे होते. त्यांना बागेतलं पाकीट ठाऊक नव्हतं असं थोडंच? त्यांनी दोन्ही लक्षात ठेवलं आणि तरी आले. मला हे मान्य आहे. मान्य नाही ते त्या पाकिटाचं नाव न घेणं.

आता थोडं रुक्ष, पण खरी मेख इथेच आहे.

मराठीत 'वारसा' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. माणसाच्या कामाचा वारसा आणि सात-बाऱ्यावरचा, आपल्याकडे एक-चौदाच्या उताऱ्यावरचा वारसा. क्लबाच्या बाबतीत दुसरा वारसा पहिल्याला खाऊ शकतो. गोव्यात तर जरा जास्तच, कारण आपला वारसाहक्काचा कायदा पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेला आहे. आता त्याची जागा २०१२चा गोवा वारसाहक्क कायदा घेतो, पण गाभा तोच.

समजा, एका मालकाकडे क्लबाच्या कंपनीचे १०० शेअर आहेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते, म्हणून त्यातले ५० मुळातच बायकोचे. (आयकर खातंही पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरतं, ते याच कारणाने.) मालकाच्या ५० पैकी २५वर मुलांचा सक्तीचा हक्क, सगळ्यांचा सारखा, मग मुलगी सासरी गेलेली असो की मुलगा पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडनला स्थायिक झालेला असो. उरले २५. मृत्युपत्राने मनासारखे देता येतात ते एवढेच. तीन मुलांतल्या फुटबॉलवेड्या धाकट्याला बापाने ते सगळे दिले, तरी त्याच्या हातात येतात तेहतीसच्या आसपास. बाकीच्यांना फुटबॉल नको, फ्लॅट हवा. एकमत झालं नाही तर प्रकरण इन्व्हेंटरीत जातं. सगळ्या मालमत्तेची यादी होते, किंमत लागते आणि वारसांमध्येच बोली होते. त्या यादीत क्लबाचं मैदान म्हणजे एवढे चौरस मीटर जमीन. तिथे कुणी किती गोल मारले याचा रकाना नसतो.

म्हणून मालकाला मोजताना मी पहिल्यांदा विचारतो, मैदान कुणाच्या नावावर आहे? क्लब सोसायटी म्हणून नोंदलेला असेल, सभासदांचा असेल, तर मालक वारला तरी वारसांना वाटून घ्यायला काही नसतं. मोठ्या घराण्यांचे क्लब कंपनीमार्फत चालतात, तिथे प्रश्न एक पायरी वर सरकतो: कंपनी कुणाकडे गेली?

दुसरा प्रश्न, मालकाने पैसे दिले ते कसे? भांडवल म्हणून की कर्ज म्हणून? ऐकायला हे हिशेबनिसाचं खुसपट वाटेल. पण 'मालकाने क्लबात अमुक कोटी ओतले' या वाक्यात बऱ्याचदा ते ओतणं म्हणजे उधारी असते. माणूस जिवंत आहे तोवर तो परत मागत नाही. तो गेला की ती उधारी वारसांची येणी बनते, आणि वारस मागू शकतात. इंग्लंडच्या लेस्टर सिटीचे थायलंडचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांच्या कंपनीने २०१३ मध्ये क्लबावरचं १० कोटी ३० लाख पौंडांचं कर्ज भांडवलात बदलून टाकलं. २०१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीग जिंकला, ती गोष्ट जगाला माहीत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये स्टेडियमबाहेर हेलिकॉप्टर कोसळून ते गेले, तेव्हा लोकांनी वाहिलेल्या फुलांचे ढीग टीव्हीवर दिसले. २०१३चा तो कागद कुणी दाखवला नाही. मला विचाराल तर मालक म्हणून त्यांचं सगळ्यात मोठं काम तो कागद होता.

तेवढ्याने सगळं निभतं असंही नाही. मुलाच्या हाती क्लब गेला, २०२१ मध्ये एफए कप आला आणि २०२३ मध्ये संघ खाली घसरला.

आणि इंग्लंडच्याच ब्लॅकबर्न क्लबाचं उदाहरण तर आपल्याला जवळचं, कारण त्याचं दुसरं टोक पुण्यात आहे. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच पोलादाचा व्यापारी. धंदा विकून आलेला पैसा त्याने लहानपणापासूनच्या आवडत्या क्लबात घातला आणि १९९५ मध्ये त्या मध्यम गावाने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून लीग जिंकली. ऑगस्ट २०००मध्ये तो वारला. मागे कुटुंबाचा ट्रस्ट ठेवून गेला होता, त्याने दहा वर्षं क्लब सांभाळला. मग नोव्हेंबर २०१० मध्ये ट्रस्टने तो विकला, घेणारे पुण्याचे वेंकीज. हो, आपले कोंबडीवाले. मे २०१२ मध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर पडायच्या दिवशी कुणीतरी क्लबाचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर पोचला. नव्या मालकांनी नंतरही वर्षानुवर्षं तोटा भरला आहे, ते सांगायला हवं. स्टेडियमबाहेर वॉकरचा पुतळा आहे, आणि लोक त्याच्याकडे पाहून नव्यांना शिव्या घालतात.

पण विकला कुणी? वॉकरनेच उभ्या केलेल्या ट्रस्टने. म्हणजे कोंबडीचा थोडा हिशेब पुतळ्याच्याही खात्यावर जातो की नाही? मी तरी एखादं पीस तिकडे टाकीन. दहा वर्षांची तजवीज करणं ही लहान गोष्ट नव्हे, बहुतेक मालक दहा दिवसांचीही करत नाहीत. पण अकराव्या वर्षी गिऱ्हाईक कोण चालेल आणि कोण नाही, हे लिहून ठेवता आलं असतं. जर्मनीत तर नियमच आहे, की क्लबातली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे राहिली पाहिजेत, दोन-चार अपवाद सोडून. तिथे मालकाच्या मरणाने क्लब हादरतो, पण विकला जात नाही.

यावरून माझं एक मत बनलं आहे. क्लबाच्या मालकाचा हिशेब बाराव्याला मांडू नये. एक तप जाऊ द्यावं. त्याने लावलेली पोरं तोवर विशी ओलांडतात, त्याने केलेली कागदपत्रं तोवर कोर्टात एकदा तरी तपासली जातात.

तपाचं म्हणाल तर गोव्यात एक प्रयोग आपोआप झाला. २०१६ मध्ये देशाच्या फुटबॉल संघटनेने इंडियन सुपर लीगला वरचं स्थान द्यायचं ठरवलं, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. कुणी वारलं नव्हतं, पण सुतक मरणाचंच होतं. धेंपोंचा संघ तर त्याच वर्षी दुसऱ्या विभागात पहिला येऊन वर आलेला होता. लोक म्हणाले, आजोबांनी कमावलं, नातवाने सोडलं. मीही म्हणालो असेन. पण जुन्या गोव्याजवळ एल्ला इथल्या मैदानावर लहान मुलांचा सराव चालू राहिला, आणि २०२४-२५च्या सीझनला धेंपो आय-लीगमध्ये परतला. आठ वर्षांनी. २०१६ मध्ये हिशेब मांडला असता तर बाकी शून्य आली असती. साळगावकरांचा संघ मात्र त्या सीझनला परतला नाही.

हे सगळं मोठ्यांचं झालं. मला हा विषय कळला तो आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका गावक्लबाच्या मालकामुळे. मालक म्हणजे काय, चार ट्रक होते. खनिजाची वाहतूक तेजीत होती तेव्हा त्याने संघ उभा केला आणि कापणी झालेल्या स्वतःच्या शेतात मैदान आखलं. मी कॉलेजात होतो, अक्षर बरं म्हणून दोन सीझन त्याची वही लिहायला मीच होतो. मैदानाला चुना ४ पिशव्या. स्टड ११ जोड, एक जोड उधार. रेफ्रीचं जेवण, मासळीसह. सोडा २४. पगाराला तो पगार म्हणायचा नाही, 'पोरांचं' म्हणायचा: पोरांचं दिलं की खूण कर.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि चारही ट्रक वडाखाली उभे राहिले, खरोखरच्या वडाखाली. टायरांतून गवत आलं. संघ त्याने तरी एक सीझन ओढला. मग एका सकाळी तो गेला. बाराव्याच्या पंगतीत आमचा गोलकीपर वाढप करत होता, भाताचं ताट घेऊन. त्याचे पाच महिने राहिले होते. त्या पानावर खुणा नाहीत, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तो काही बोलला नाही. शेत अजून इन्व्हेंटरीत अडकलेलं आहे. तीन भाऊ, एक बहीण, आणि बोली लावायला कुणाला घाई नाही. तोवर तिथे दर शनिवारी हाच गोलकीपर पोरांना घेऊन येतो, स्वतःच्या पैशांनी चुना आणतो.

मागल्या गणपतीत माळा आवरताना ती वही सापडली. मी त्याला नेऊन दाखवली, शेवटचं पान उघडून. त्याने वही हातात घेतली आणि उलटी पानं चाळत पार पुढे गेला, त्याच्या चौदाव्या वर्षापर्यंत. उधार आणलेला तो एक जोड त्याचा होता.

"हे वजा कर," तो म्हणाला.

केले. तरी बाकी निघतेच.